वासाचा रकाना

तंबू भाड्याने देणाऱ्या त्या दुकानात सगळे तिला नाकवाली म्हणत. पाठीमागे नव्हे, चांगलं तोंडावर. तिला त्याचं काही वाटत नसे. अठरा वर्षं ती तिथे होती आणि अठरा वर्षांत या बाईच्या नाकाने एकदाही दगा दिलेला नाही, असं मालकच गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगत.

दुकानाचा पुढचा भाग रस्त्यावर, काचेचा, दिमाखदार. तिचं राज्य मागे. फरशीचं अंगण, तीन नळ, वाळत घालायच्या दोऱ्या आणि पत्र्याच्या खोलीत एक शिवणयंत्र. सहलीहून परत आलेला प्रत्येक तंबू आधी तिच्याकडे येई. ती पिशवीची नाडी सोडायची, तोंड फाकवायची, नाक आत घालायची आणि एकच श्वास घ्यायची. मग निकाल सांगायची. काउंटरवरचा माणूस तो मुकाट्याने परतीच्या वहीत उतरवायचा. वहीत तारीख, तंबूचा नंबर, खुंट्या किती, फाटलंय कुठे असे रकाने होते. शेवटचा 'वास' हा रकाना तिने स्वतः आखून घेतला होता. 'मोजे.' 'ओला कुत्रा.' 'तळण.' 'मोजे आणि तळण.' वास कळला की कोणता साबण, किती वेळ भिजवायचं आणि किती उन्हं द्यायची हे ठरवता येई.

माणसं घाणेरडी असतात हे तिचं ठाम मत होतं, आणि ते तिने कुणाकडून ऐकून बनवलं नव्हतं, हुंगून बनवलं होतं. घरात माणूस माणसासारखा राहतो तो शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या धाकाने. त्याला चार खुंट्या आणि एक कापड देऊन मोकळ्या रानात सोडा, की दोन रात्रींत त्याची खरी जात बाहेर येते. तंबूच्या कोपऱ्यांतून तिने काय काय उकरून काढलं होतं. अर्धवट चावलेलं अंडं, हिरवी लव चढलेलं संत्रं, केसांचे गुंते, एकदा पायांची कापलेली नखं, दहाच्या दहा, एका रांगेत मांडून ठेवलेली. एकदा तर दातांची कवळी. ती घ्यायला म्हातारेबुवा आले आणि धुवायची वाटही न बघता तोंडात घालून निघून गेले. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

तिने स्वतः आयुष्यात एकही रात्र तंबूत काढली नव्हती. कुणी विचारलंच तर नाक मुरडून म्हणे, मला घर आहे.

मागच्या हिवाळ्यात मात्र वासापेक्षा तक्रारींनी जीव नको केला होता. प्रत्येक तंबूला छताजवळ समोरासमोर दोन झरोके असतात, तळहाताएवढे, आतून जाळी लावलेले. त्यांतून गार वारा येतो, मान आखडते, झोप लागत नाही, असं जो तो परत येऊन सांगू लागला. मालक हवालदिल झाले. तेव्हा तीच म्हणाली, त्यात काय एवढं, मी शिवून टाकते. सहा तंबूंचे बारा झरोके तिने बंद केले. वरून त्याच रंगाच्या कापडाचं ठिगळ, आतून दुहेरी टीप आणि टिपेवर पट्टी. काम इतकं सफाईचं की इथे कधी झरोका होता हे सांगूनही पटू नये. मालकांनी हौसेने त्या सहा तंबूंना 'उबदार' अशी चिठ्ठी लावली आणि थंडीच्या दिवसांत लोक तेच मागायला लागले. अठरा वर्षांत आपल्या शिवणीचं इतकं कौतुक झालं नव्हतं, हे तिला आवडलं होतं.

त्याच हिवाळ्यात ओकाऱ्या वाढल्या. नाडी सोडली की भपकारा यायचा. तंबूच्या तळावर वाळलेला पापुद्रा, कुणीतरी टोपीनेच पुसल्यासारखा. ढोसतात आणि ओकतात, ती म्हणायची. घरी बायकामुलांसमोर घेता येत नाही म्हणून रानात जातात. काउंटरवरचा गोल गोल अक्षरात 'ओकारी' लिहायचा. आणि ती तोंडाला फडकं बांधून, शिव्या घालत, गरम पाण्याने ते खरवडायची. किळसेलाही सराव होतो म्हणतात, तिला तो कधी झाला नाही.

एकदा तिचं डोकं फिरलंच. एक नवराबायको तंबू परत द्यायला आले होते, बाईच्या कडेवर झोपाळलेलं लहान मूल. बाई स्वतःहून म्हणाली, आत जरा घाण झालीय, पुसलीय आम्ही, पण माफ करा. तिघांनाही रात्री मळमळलं, सकाळी डोकं उचलवत नव्हतं. नाकवालीने नाडी सोडली, नाक आत घातलं आणि गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात त्या बाईला सुनावलं.

"एवढी हौस असेल तर घरी प्या. पोराला तरी कशाला नेता बरोबर?"

बाई पांढरीफटक पडली. आम्ही घेत नाही हो, एवढंच म्हणाली. नवरा काहीतरी बोलायला गेला, तर तिनेच त्याला ओढून बाहेर नेलं. तंबू झटकताना नंतर एक मोजा सापडला, बोटभर लांबीचा, लोकरीचा. सापडलेल्या वस्तू अडकवायच्या खिळ्यावर नाकवालीने तो चिमटीत धरून टांगला. न्यायला कुणी आलं नाही.

या गोष्टीला दहा महिने झाले. पुन्हा थंडी पडली आणि एका सकाळी तिची ताई, भावजी आणि भिंगरी दुकानात हजर झाले.

भिंगरी ही ताईची मुलगी, वय वर्षं पाच. लग्नानंतर तेरा वर्षांनी झालेली. त्या तेरा वर्षांत ताईने काय काय सोसलं ते नाकवालीने जवळून पाहिलं होतं. जगात एकच प्राणी असा होता की ज्याचं शेंबडं नाक ती स्वतःच्या पदराने पुसायची. भिंगरीला चांदण्या मोजायच्या होत्या, म्हणून येत्या शनिवारी तिघं तळ्याकाठी जाणार होती आणि तंबू हवा होता. मावशीचंच दुकान असताना दुसरीकडे कशाला जायचं?

भावजींचं आयुष्य चष्म्याच्या दुकानात गेलं होतं. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर भिंगं बदलत 'हे बरं की आधीचं बरं' असं दिवसभर विचारायचं, हा त्यांचा धंदा. ती सवय त्यांनी इथेही आणली. दुकानात चार तंबू उभे करून ठेवलेले होते. भावजी बुटांसकट पहिल्यात शिरले. नाकवालीने त्यांना बूट काढायला लावले, आणि मोज्यांचा वास आल्यावर परत घालायला लावले.

पहिला तंबू उंच, आत उभं राहता येईल असा. भावजींना फार आवडला. तिने सांगितलं, वारा सुटला की हा तुम्हाला घेऊन तळ्यात जाईल, तिघांचं मिळून तुमचं वजन किती? दुसरा इतका हलका की हाताच्या मुठीत मावावा. हा पायी हिंडणाऱ्यांसाठी, ती म्हणाली, यात तिघं झोपलात तर सकाळी कोणाचा पाय कोणाचा ते शोधावं लागेल. तिसरा एका झटक्यात उघडणारा. उघडतो झटक्यात, पण मिटताना नवराबायकोची भांडणं होतात, आणि मिटलाच नाही म्हणून लोक तसाच चिखलासकट गाडीत कोंबून आणतात, ते मला धुवावं लागतं. चौथा, दोन नंबरचा, जुन्या जाड कापडाचा, जड धोंडा, झरोके एवढाले की आतून चंद्र दिसावा. हा नको, तिने एका शब्दात निकालात काढला. पोरगी गारठेल.

"मग तू सांगशील तो," भावजी हात टेकून म्हणाले. "आम्हाला यातलं काडीचं कळत नाही."

तिने बिनदिक्कत अकरा नंबर सांगितला. मधल्या आकाराचा, तळाचं कापड जाड आणि उबदारच्या सहांपैकी एक. मी स्वतः शिवलाय, वाऱ्याची झुळूकसुद्धा आत येणार नाही, ती ताईला म्हणाली. ताईचा जीव भांड्यात पडला. भावजीही खूश झाले. त्यांनी गॅसची छोटी शेगडी घेतलीच होती. ती आत कोपऱ्यात ठेवायची, भिंगरीचं दूध गरम करायचं आणि मग तशीच मंद तेवत राहू द्यायची म्हणजे रात्रभर ऊब. काउंटरवरचा म्हणाला, उबदारवाले सगळे तसंच करतात.

नाकवालीला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता, की अकरा नंबरमध्ये आजवर कोण कोण लोळलंय देव जाणे, आणि आता तिथे आपली भिंगरी झोपणार. गेल्या थंडीनंतर तो धुऊन फडताळावर ठेवला होता, पण परक्यासाठी धुतलेलं वेगळं. ती म्हणाली, दुपारी या, मी एकदा नीट बघून ठेवते. ताई बाजारात गेली, भावजी शेगडीचं माहितीपत्रक वाचत दुकानातच बसले आणि भिंगरी मावशीच्या मागे मागे अंगणात आली.

अकरा नंबर तिने अंगणात उभा केला. नाक घातलं. साबण आणि ऊन, बाकी काही नाही. मग गुडघ्यांवर आत शिरली. एरवी ती खालीच बघायची, कारण माणसाची घाण खालीच असते. आज भिंगरी शेजारी येऊन उताणी झोपली आणि म्हणाली, मावशी, तू पण. म्हणून ती अठरा वर्षांत पहिल्यांदा एखाद्या तंबूत पाठ टेकून वर बघत पडली.

"मावशी, तिथे काळं काय आहे?"

छताच्या एका कोपऱ्यात ताटलीएवढा करडा डाग होता. नाकवालीला आधी रागच आला. काय फासून ठेवलं असेल मेल्यांनी. तिने बोट लावलं. बोट काळं झालं. काजळी. काजळी सगळीकडे सारखी नव्हती. ती एका चौकोनाभोवती दाटली होती, आणि तो चौकोन तिच्या चांगल्या ओळखीचा होता. झरोका होता तिथेच. तिच्या दुहेरी टिपेच्या एकेका भोकात काळा ठिपका भरलेला होता. आत जे काही पेटलं होतं त्याचा धूर वाट शोधत बरोबर झरोक्यापाशी आला होता, आणि तिथे तिची शिवण होती.

तिने कमरेला खोचलेली उसवणी काढली आणि टीप उसवायला घेतली. का ते तिलाही धड कळत नव्हतं. पट्टी निघाली, कापड सैल झालं आणि आतून एक चिठ्ठी बाहेर लोंबली. तंबू बनवणाऱ्यांनी झरोक्यालगत शिवलेली कापडी चिठ्ठी. झरोके बंद करताना ती आड येत होती, म्हणून नाकवालीने बाराही चिठ्ठ्या नीट दुमडून शिवणीत दाबून टाकल्या होत्या. बारीक अक्षरातलं काय वाचायचं, कंपनीचं नाव नि कापडाची जात असणार. जवळजवळ वर्षभर मिटून राहिल्यामुळे चिठ्ठी अगदी कोरी करकरीत होती.

'झरोके कधीही बंद करू नयेत. आत शेगडी पेटवू नये. कोंडलेला वायू जिवाला घातक असतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. डोकेदुखी व उलटी झाल्यास ताबडतोब बाहेर पडावे.'

तिने ते दोनदा वाचलं. मग भिंगरीला बखोटीला धरून बाहेर काढलं, इतक्या जोरात की पोर रडायला लागली. आत शेगडी नव्हती, काही नव्हतं, बाहेर लख्ख ऊन होतं. तरीही काढलं.

भिंगरीला भावजींच्या मांडीवर आदळून तिने काउंटरवरून परतीची वही ओढून घेतली आणि मागच्या थंडीची पानं उलटली. वासाच्या रकान्यात बोट फिरत गेलं. ओकाऱ्या नऊ होत्या. दोन ठिकाणी लिहिलं होतं 'दारू, ओकारी'. ते नंबर साध्या तंबूंचे. उरलेल्या सात ठिकाणी नुसतं 'ओकारी'. तीन, अकरा, सात, अकरा, चौदा, तीन, वीस. सगळे उबदार.

नुसतं ओकारी. तिनेच सांगितलं होतं, त्याने फक्त लिहिलं होतं. दारूचा वास असता तर तिच्या नाकातून सुटला असता होय? सातही वेळा तो नव्हता. नाकाने आपलं काम चोख केलं होतं. तोंडच भलतं बोलत होतं. अठरा वर्षं नाकाने कांदे सोलले, जगाची घाण चिमटीत धरून दाखवली, आणि या सगळ्या दुकानात खरी घाण कुठली असेल तर ती हिच्या शिवणयंत्राखालून निघालेली, सरळ, सुबक, दुहेरी टिपेची. तिला स्वतःच्या हातांची शिसारी आली. अंगणातल्या नळाखाली तिने ते धुतले, परत धुतले, आणि मग नळाच्या कट्ट्यावरच तिला ओकारी झाली.

मालक धावत आले. सगळं ऐकून त्यांनी घाम पुसला आणि म्हणाले, कुणाला काही झालं असतं तर आपल्याला कळलं नसतं का? कोणी मेलं तर नाही ना. आपण असं करू, आत शेगडी लावू नये अशी एक पाटी रंगवून घेऊ. भावजी म्हणाले, अगं, नाही लावत शेगडी, तू एवढं कशाला मनाला लावून घेतेस, तंबू चांगलाच आहे की. एरवी गोड लागला असता हा समजूतदारपणा. आज तिला दोघांच्याही तोंडाकडे बघवेना.

"भावजी, तुम्ही दोन नंबर न्या," ती म्हणाली. "गारठलात तर गारठा. दूध बाहेर तापवा, शेगडी बाहेरच विझवा. आणि पोरीला मधे घेऊन झोपा."

मालकांना तिने काहीच विचारलं नाही. सहाही तंबू फडताळावरून काढून अंगणात आणले आणि दुपारभर उसवत बसली. बारा झरोके, बारा चिठ्ठ्या. जितकी सफाईने शिवण घातली होती तितकी ती उसवायला चिवट निघाली. काही ठिकाणी कापड फाटलं, तिने फाटू दिलं. ताई येऊन दोन नंबरचा तंबू घेऊन गेली. जाताना तिने बहिणीच्या पाठीवर हात ठेवला. भावजींनी सगळं सांगितलं होतं बहुतेक.

शेवटची चिठ्ठी मोकळी झाल्यावर नाकवाली उठली, खिळ्यावरचा तो बोटभर मोजा तिने काढला आणि काउंटरवर आली. तंबू नेणाऱ्यांचे फोन नंबर वहीतच असत. मालक म्हणाले, जुनं कशाला उकरायचं, लोक अंगावर येतील. तिने वही पुढे ओढली. सातही घरी फोन करायचे होते. पण ती पहिला नंबर मोज्याचा शोधत होती.

फोन बराच वेळ वाजला. प्रत्येक रिंगेला तिला वाटलं, आता कोणी उचलणारच नाही, किंवा उचलेल आणि असं काही सांगेल की जे आपल्याला ऐकता येणार नाही. त्या बाईने मूल कडेवर घेतलं होतं, ते झोपाळलेलं होतं. झोपाळलेलं. किती सहज पाहिलं होतं आपण.

"हॅलो," पलीकडून बाईचा आवाज आला.

नाकवालीने सांगितलं, मी तंबूच्या दुकानातून बोलतेय, मागच्या थंडीत तुम्ही अकरा नंबर नेला होता.

 मग कुठेतरी लांबून एका लहान मुलाचा खणखणीत आवाज आला, कोण आहे गं आई, आणि नाकवालीने काउंटरची कड घट्ट धरली.

"हे बघा," बाई घाईघाईने म्हणाली, दहा महिने वाक्य ओठांवर धरून ठेवल्यासारखी, "मी तेव्हाही सांगितलं होतं तुम्हाला. आम्ही नाही हो घेत. खरंच नाही घेत. कधीच नाही."

"माहीत आहे मला," नाकवाली म्हणाली. "तेव्हाही माहीत होतं. वास आलाच नव्हता."